निकालाचं दुसरं पान

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनमध्ये (प्रौढांच्या सर्वसाधारण आजारांच्या शाखेत) चोवीस वर्षं काम करणाऱ्या, पंचावन्नी ओलांडलेल्या एक डॉक्टर लिहितात. गेली बारा वर्षं त्या रात्रपाळीच्या हॉस्पिटलिस्ट, म्हणजे फक्त दाखल रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टर, आहेत. सात रात्री काम, सात दिवस सुट्टी. बोर्ड सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या शाखेतल्या तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र, टिकवण्यासाठी दर दहा वर्षांनी द्यायची परीक्षा त्यांनी मुदतीच्या वर्षभर आधीच दिली, ‘डोक्यावरचं ओझं एकदाचं उतरावं म्हणून’. थोड्या गुणांनी त्या नापास झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. नवऱ्याशिवाय कुणाला हे माहीत नाही, रेसिडन्सीच्या (डॉक्टर झाल्यावरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षात असलेल्या मुलीलाही नाही. त्या विचारतात: वयामुळे माझी बुद्धी मंदावली का? रोज रात्री मरणाच्या दारातली माणसं मी परत आणते, मग कागदावर नापास कशी? १९९० पूर्वी सर्टिफिकेट मिळालेल्या माझ्या सहकाऱ्याला ही परीक्षाच नाही, हा कुठला न्याय? पुन्हा तीच परीक्षा देऊ, दर तिमाहीच्या प्रश्नांचा नवा मार्ग घेऊ, की आता पुरे म्हणून थांबू?

प्रिय डॉक्टर,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. वयाबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय. नावं पटकन आठवत नाहीत, चष्म्याचा नंबर वाढलाय, बरोबरच्या तरुण डॉक्टरांची बोटं कीबोर्डवर कशी भराभर चालतात, सगळं. आणि मध्येच, जाता जाता, एक वाक्य: ‘सातवी नाईट संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा होती.’

मी तिथेच थांबले.

सात रात्री जागून काढल्यावर सकाळी आठ वाजता तुमच्या शरीराच्या लेखी झोपायची वेळ झालेली असते. त्या वेळी तुम्ही परीक्षेच्या संगणकासमोर जाऊन बसलात. दोन-दोन तासांची चार सत्रं, एकेका सत्रात साठपर्यंत प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं. तुमच्या हाताखालची एखादी रेसिडेंट सात नाईट्स करून आली असती आणि म्हणाली असती, ‘उद्या माझी बोर्डाची परीक्षा आहे’, तर तुम्ही तिला तारीख बदलून घ्यायला लावलं असतं. स्वतःसाठी मात्र हे तुम्हाला सुचलं नाही, आणि निकाल आल्यावर सगळं खापर वयावर फोडून मोकळ्या झालात.

वयाचं काहीच नाही असं मी म्हणणार नाही, ती खोटी समजूत ठरेल. सर्टिफिकेट मिळाल्याला जितकी वर्षं लोटतात तितके या परीक्षांमधले सरासरी गुण उतरतात, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अभ्यासांत दिसत आलंय. २००५ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत, मोजलेल्या प्रत्येक निकषावर, जास्त वर्षं काम केलेल्या डॉक्टरांची कामगिरी कमी भरली. ‘अनुभव आहे, म्हणजे ज्ञान ताजंच असणार’ हे आपण सगळेच धरून चालतो. ते तपासून पाहायला हवं, तुम्हीही आणि मीही.

पण ही ‘वर्षं’ म्हणजे नुसतं वय नव्हे. शिक्षण संपून किती काळ झाला, काम किती अरुंद झालं, आजूबाजूला चुका दाखवणारं कुणी आहे की नाही, दरम्यान शास्त्र किती बदललं, हे सगळं त्यात एकत्र मिसळलेलं असतं. तुमच्या पत्रात मला या प्रत्येकाच्या खुणा दिसतात. रात्री तुम्ही एकट्या असता. ग्रँड राउंड्स, म्हणजे डॉक्टरांसाठीची व्याख्यानं, दुपारी होतात, तेव्हा तुम्ही झोपलेल्या असता. क्लिनिकमध्ये बसून बारा वर्षं झाली. याला मेंदू मंदावणं कसं म्हणायचं?

एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवते. परीक्षेतला नाही, मी बनवलेला, पण धाटणी तीच. बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ नेहमीच्या तपासणीला आलेत. वीस वर्षं रोज एक पाकीट सिगारेट ओढली, बारा वर्षांपूर्वी सोडली. तक्रार काही नाही, तपासणीत काही सापडत नाही. पुढे काय?

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दलच्या २०१३ सालच्या शिफारशीनुसार उत्तर होतं: काही नाही. तेव्हा वय ५५ ते ८० आणि किमान ३० पॅक-वर्षं (रोजची पाकिटं गुणिले वर्षं) लागत. २०२१ पासून अमेरिकेच्या प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने, म्हणजे अशा शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने, वय ५० ते ८० आणि २० पॅक-वर्षं केली. सिगारेट सोडून पंधरा वर्षं झालेली नसावीत, ही अट तीच राहिली. म्हणजे आज या गृहस्थांना दरवर्षी छातीचा लो-डोस सीटी (कमी किरणांचा स्कॅन) सुचवायचा.

आता सांगा, हे गृहस्थ तुम्हाला कधी भेटतात? पहाटे दोनला, न्यूमोनियाने धाप लागलेली असताना. त्या वेळी तुम्ही त्यांचा ऑक्सिजन बघता, अँटिबायोटिक सुरू करता, बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लागेल का ते ठरवता. सीटीच्या स्क्रीनिंगचा विचार त्या पलंगाशेजारी कुणी करत नाही, करूही नये. तो विचार बारा वर्षांत तुमच्या हातून एकदाही झालेला नाही, आणि परीक्षेने तोच विचारला.

यात एक मेख आहे. असा प्रश्न आला की ‘हे मला येत नाही’ असं तुम्हाला वाटत नाही. उलट, येतंय असंच वाटतं. मागच्या परीक्षेसाठी तुम्ही तीस पॅक-वर्षं पक्की पाठ केली होती, तीच ठामपणे वर येतात. न आलेलं शिकणं त्या मानाने सोपं असतं. एकदा नीट शिकलेलं काढून टाकणं फार जड जातं. माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी क्लिनिकमध्ये चौसष्ट वर्षांच्या एका बाईंना मी हृदयविकार टाळण्यासाठी रोज छोटी ॲस्पिरिन सुरू करायला सांगत होते. त्यांना हृदयाचा काहीच आजार नव्हता. वीस वर्षं मी हेच सांगत आले होते. शेजारी बसलेल्या रेसिडेंटने बाई बाहेर जाईपर्यंत वाट पाहिली आणि हळूच म्हणाली, ‘मॅम, साठीच्या पुढे असं नव्याने सुरू करू नका म्हणून आलंय.’ ती शिफारस २०२२ ची. मी बाईंना कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि चिठ्ठी परत घेतली. त्या रेसिडेंटचे उपकार मी विसरलेली नाही. तुमच्या रात्रीच्या कामात अशी रेसिडेंट तुमच्या शेजारी बसलेली नसते, इतकाच आपल्या दोघींमध्ये फरक आहे.

आता न्यायाचं. तुमचा राग रास्त आहे. अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनने १९९० पासून दहा वर्षांच्या मुदतीची सर्टिफिकेटं द्यायला सुरुवात केली, आणि त्याआधीची सर्टिफिकेटं कायमची राहिली. एकाच वॉर्डात एकाला परीक्षा आणि दुसऱ्याला माफी, हे बोचणारच. त्यातून डिसेंबर २०१४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, माजी सैनिकांच्या चार रुग्णालयांत मुदतीची आणि कायमची सर्टिफिकेटं असलेल्या डॉक्टरांची तुलना केली होती. प्राथमिक आरोग्यसेवेच्या दहा निकषांवर दोघांत फरक आढळला नाही. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये बोर्डाने स्वतःच ‘आमचं चुकलं’ असं जाहीर करून काही अटी स्थगित केल्या. दुसऱ्या बाजूचा पुरावाही आहे. २०१८ च्या एका अभ्यासात, ही परीक्षा दहा वर्षांच्या आत उत्तीर्ण झालेल्या इंटर्निस्टांवर राज्यांच्या मेडिकल बोर्डांकडून शिस्तभंगाची कारवाई होण्याचं प्रमाण कमी दिसलं. म्हणून ‘परीक्षा निरर्थक आहे’ असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि ‘परीक्षाच खरा डॉक्टर ओळखते’ असंही नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या सर्टिफिकेटवर तुमचं काही चालणार नाही. तेव्हा त्या विषयाला आठवड्यातली एक संध्याकाळ द्या, नवऱ्यापुढे मनसोक्त बोला. अभ्यासाच्या तासात मात्र तो आणू नका. ज्या माणसाला आपण चिडून वाचतोय त्याचं वाक्य लक्षात राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

एक भीती तुम्ही स्पष्ट लिहिली नाहीत, पण ओळींमध्ये जाणवली. तुमचं लायसन्स राज्याचं मेडिकल बोर्ड देतं. ते या परीक्षेवर अवलंबून नाही. सर्टिफिकेट मात्र बहुतेक रुग्णालयं आणि विमा कंपन्या मागतात, म्हणून ते महत्त्वाचं. आणि तुम्ही परीक्षा मुदतीच्या आधी दिलीत. तुमचं सर्टिफिकेट आजही चालू आहे. इंटर्नल मेडिसिन बोर्डाच्या वेबसाइटवर कुणी तुमचं नाव शोधलं तर सर्टिफिकेट चालू आहे हे दिसतं, गुण दिसत नाहीत.

मग आता मार्ग कुठला? तुमच्यापुढे तीन आहेत. त्यातला एक तुमच्या पत्रात नाही, म्हणून आधी तोच सांगते. हॉस्पिटलिस्टांसाठी या बोर्डाने २०१० पासून रुग्णालयातल्या कामावर भर देणारा वेगळा मार्ग सुरू केला होता. त्याचं आजचं रूप आणि अटी बोर्डाच्या पोर्टलवर पाहा किंवा फोन करून विचारा. बारा वर्षं फक्त दाखल रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने हे विचारल्याशिवाय कुठेही नाव नोंदवू नये. पुढे क्लिनिकमध्ये परतायचा विचार असेल, आणि पत्राच्या शेवटी तुम्ही ‘रात्री आता सोसत नाहीत’ असं म्हटलंय, तर मात्र साध्या इंटर्नल मेडिसिनचाच अभ्यास तुमच्या जास्त कामाचा.

दुसरा मार्ग २०२२ पासून सुरू झालेला. पाच वर्षं, दर तिमाहीला ३० प्रश्न, म्हणजे एकूण ६००. त्यातले निदान ५०० सोडवायचे. एका प्रश्नाला चार मिनिटं, शिवाय वर्षाला थोडा राखीव वेळ. पुस्तक, वेबसाइट, काहीही उघडून बघता येतं. दुसऱ्या माणसाला विचारायचं नाही. उत्तर दिल्यावर लगेच कळतं बरोबर की चूक, आणि का. मुदतीच्या वर्षी नाव नोंदवून भाग घेत राहिलात तर सर्टिफिकेट चालू राहतं, निकालाचा निर्णय पाचव्या वर्षी होतो. तेव्हा कमी पडलात तर पुन्हा मोठी परीक्षा आहेच. नोंदणी वर्षभर खुली नसते, तारीख आजच बघून ठेवा.

तिसरा, तीच एका दिवसाची परीक्षा. एकदा आटपलं की दहा वर्षं सुटका, हा त्याचा मोठा फायदा. इंटर्नल मेडिसिनच्या या परीक्षेतही आता ‘अपटूडेट’ हे ऑनलाइन वैद्यकीय संदर्भसाधन उघडता येतं, पण दोन मिनिटांत प्रत्येक प्रश्नाला ते शोधत बसलात तर शेवटचे दहा प्रश्न कोरे राहतील.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी तिमाहीचा मार्ग. तो सोपा आहे म्हणून म्हणत नाही. सुट्टीच्या आठवड्यातल्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, झोप भरून निघाल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो सोडवता येतो, म्हणून. आणि दुसरं, चुकीचं उत्तर दिल्यावर त्याच मिनिटाला बरोबर कारण डोळ्यांसमोर येतं. त्या बाई कॉरिडॉरमध्ये होत्या तोवरच मला माझी चूक कळली, तसंच हे. ज्यांना टांगती तलवार सोसत नाही, पाच वर्षं निकाल लांबणार या विचारानेच ज्यांची झोप उडते, त्यांनी मोठी परीक्षा द्यावी. तुम्ही कुठल्या जातकुळीतल्या ते तुम्हालाच ठाऊक. फॅमिली मेडिसिन आणि ॲनेस्थेशियाच्या वाचकांनाही असा थोडे-थोडे प्रश्न सोडवण्याचा मार्ग आहे, फक्त प्रश्नांची संख्या आणि वेळ प्रत्येक बोर्डाची वेगळी.

कुठलाही मार्ग घ्या, त्याआधी एक काम करा. पत्रात तुम्ही म्हणता, ‘निकालाचं पहिलं पान पाहिलं आणि फाइल बंद केली.’ ती उघडा. आत विषयवार तुमचे गुण आहेत आणि चुकलेले प्रश्न कशावर होते त्याची यादी आहे. छापून घ्या, पेन्सिल घ्या, आणि प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा. गेल्या महिन्याभरात असा रुग्ण पाहिला असेल तर ‘आ’, म्हणजे आत्ताचा. बारा वर्षांत पाहिलाच नसेल तर ‘दू’, दूरचा. आणि ज्याची शिफारस मागच्या परीक्षेनंतर बदलली असेल तिथे ‘ब’. माझा अंदाज आहे की ‘दू’ आणि ‘ब’ भरपूर निघतील आणि ‘आ’ मोजके. तसं झालं तर अभ्यास कुठून सुरू करायचा ते कळलं: ‘ब’पासून. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी २०२१ पासून पंचेचाळिशीला, मॅमोग्राम २०२४ पासून चाळिशीला आणि दर दोन वर्षांनी, दम्यात २०१९ पासून नुसत्या निळ्या, तात्पुरता आराम देणाऱ्या इन्हेलरवर कुणाला न ठेवणं, अशा गोष्टी. वहीच्या पानावर डावीकडे जुनं उत्तर लिहा, त्यावर काट मारा, उजवीकडे नवं लिहा. ती काट स्वतःच्या हाताने मारा. आणि ‘आ’ जास्त निघाले, म्हणजे रोज पाहता त्याच आजारांत चुकलात, तर ते मनावर घ्या. विश्वासातल्या सहकाऱ्याबरोबर आपल्या काही केसेस बसून पाहा. रोजच्या कामातही विसर पडत असेल, औषधांचे डोस पुन्हा पुन्हा तपासावे लागत असतील, तर स्वतःच्या डॉक्टरला भेटा. त्याचा निवाडा या परीक्षेवर सोडू नका.

कुठला विषय कच्चा आहे हे मनाने ठरवू नका. २००६ मध्ये ‘जामा’त यावर एक आढावा आला होता. डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरच्यांनी मोजलेले गुण यांच्या २० तुलनांपैकी १३ मध्ये दोन्हींचा मेळ जवळजवळ नव्हता किंवा उलटाच होता. म्हणून आधी क्वेश्चन बँकेतले चाळीस प्रश्न सोडवा, मग पुस्तक उघडा. धडा चारदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून तीनदा आठवून पाहिलेलं आठवड्यानंतर जास्त टिकतं, हे त्याच वर्षी रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवलं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि त्या ओळखीवर आपण फसतो.

तुम्ही बदललेल्या उत्तरांबद्दलही हळहळलात. ‘पहिलंच ठेवलं असतं तर!’ विद्यार्थ्यांच्या १,५६१ उत्तरपत्रिका तपासलेल्या २००५ च्या एका अभ्यासात ५१ टक्के बदल चुकीकडून बरोबरकडे गेले होते, बरोबरकडून चुकीकडे फक्त २५ टक्के. बरोबर असलेलं खोडलेलं तेवढं मनाला टोचत राहतं, दुरुस्त केलेलं आठवतही नाही. कारण सापडलं असेल तर पुढच्या वेळीही उत्तर बदला.

थांबण्याबद्दल: काम सोडायचं असेल तर जरूर सोडा, चोवीस वर्षं कमी नाहीत. पण तो निर्णय दोन आठवडे नीट झोपल्यावर घ्या. सात नाईट्सनंतर दिलेल्या एका परीक्षेच्या आधारावर नको.

राहिली तुमची मुलगी. ती रेसिडन्सीच्या दुसऱ्या वर्षात आहे. इंटर्नल मेडिसिनमध्ये असेल तर तिला नियमित क्लिनिक असणार. म्हणजे ते बासष्ट वर्षांचे गृहस्थ तिला भेटतात. लो-डोस सीटी ती लिहिते, मॅमोग्राम ती लिहिते, तुमच्या यादीतले बहुतेक ‘दू’ तिचे ‘आ’ आहेत. तुम्ही तिच्यापासून लपवलंत, कारण तिच्या नजरेत उतराल असं तुम्हाला वाटतं. तिलाही लवकरच बोर्डाची परीक्षा द्यायची आहे, आणि तिच्याही पोटात गोळा आलेला असणार. रविवारी फोन करा. आधी निकाल सांगा, एका वाक्यात, स्पष्टीकरण न देता. मग ती यादी वाचून दाखवा आणि म्हणा, ‘यातलं पहिलं मला विचार.’ बदल्यात तिला सेप्सिस (जंतुसंसर्गाने शरीरभर बिघडलेली स्थिती), डीकेए (मधुमेहातली गंभीर गुंतागुंत), पहाटे तीनला खालावणारा रुग्ण, यातलं तुम्ही विचारा. तिमाहीचे प्रश्न सोडवायला बसाल त्या वेळी मात्र फोन बंद ठेवा, तेव्हा कुणाला विचारणं नियमात बसत नाही.

आणि पुढचं वेळापत्रक लागण्याआधी शेड्युलरला लिहून ठेवा. मोठी परीक्षा द्यायची ठरवलीत, तर त्या तारखेच्या आधीचे दहा दिवस एकही नाईट नको.

तुमची,
सल्ला सदराची लेखिका